मुलांनी ग्रामसभेत बोलावे का?

माझी नात इयत्ता आठवीत शिकते. गेल्या वर्षी जुलै महिन्यातील एका संध्याकाळी ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादाजी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मला बोलायचे आहे. तुम्ही सरपंचांना विचाराल का?"

मला प्रथम कौतुक वाटले. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कोणाचाही अर्ज आला की आधी प्रयोजन विचारण्याची सवय जडली आहे. मी विचारले, "विषय कोणता?"

तिने सांगितलेला विषय असा. आमचे गाव बाजारपेठेचे. मुख्य गल्लीत किराणा, भुसार, तेल, पेंड यांची मिळून बारा-चौदा दुकाने आणि गल्लीच्या टोकाला माध्यमिक शाळा. शाळा भरते अकरा वाजता आणि माल घेऊन येणारे ट्रक नेमके दहा ते अकराच्या दरम्यान पेठेत शिरतात. एका बाजूला ट्रक उभा, दुसऱ्या बाजूला उघडे गटार, आणि मधल्या हात-दीड हात जागेतून दोन-तीनशे मुले-मुली सायकली हातात धरून शाळेला जातात. त्या आठवड्यात तिची मैत्रीण हमालाच्या पाठीवरील पोते चुकवताना सायकलसह गटारात पडली. तिच्या मनगटाचे हाड मोडले होते.

"ट्रक कोणत्या दुकानासमोर होता?" मी विचारले.

"आपल्याच," ती म्हणाली.

माझे कौतुक तेथेच थांबले. मी तिला समजावले, की ग्रामसभा ही मतदारांची सभा आहे. तेथे बोलण्याचे तुझे वय नाही. मोठी माणसे पाहून घेतील. जाता जाता "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये" हे आपल्या घराघरांत ऐकू येणारे वाक्यही मी उच्चारले. ती आज्ञाधारक मुलगी आहे. "बरं, दादाजी," म्हणून निघून गेली.

मी सांगितलेला कायदा चुकीचा नव्हता. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या दिली आहे: गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या व्यक्तींची ती सभा. ज्याचे वय १८ पूर्ण झालेले नाही त्याचे नाव यादीत नाही, म्हणून तो सभासद नाही. परंतु खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मला संविधानाची आठवण ट्रक आपल्या दुकानासमोर होता हे समजल्यानंतर झाली. आधी झाली असती तर तिचा विषय विचारण्याचेही कारण नव्हते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. गणसंख्येसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. तेवढी माणसे जमेपर्यंत बारा वाजले. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले. पाणीपट्टीची थकबाकी, दलित वस्तीतील दिवे, स्मशानभूमीचा रस्ता, लाभार्थ्यांची यादी असे विषय झाले. अध्यक्षांनी शेवटी विचारले, "शाळेसंबंधी कोणाचे काही?" मुख्याध्यापकांनी छताची गळती सांगितली. आणखी कोणी काही बोलले नाही. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी मतदार होतो, ग्रामसभेचा सभासद होतो, मला त्या गल्लीतील प्रकार ठाऊक होता, आणि मी गप्प बसलो. सभा संपली. इतिवृत्तावर सह्या झाल्या, मीही सही केली.

घरी परतताना मला चाळीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला.

१९८६ साली माझी नेमणूक एका ग्रामीण शाखेत होती. त्या काळी संगणक नव्हते. सर्व नोंदी हाताने खातेवहीत होत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशीसाठी कर्ज घेतलेला एक शेतकरी थकबाकीची नोटीस हातात घेऊन आला. बरोबर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. मी खातेवही उघडून दोन हप्ते थकल्याचे सांगितले. शेतकरी मान खाली घालून उभा राहिला. मुलगा मात्र म्हणाला, "साहेब, एक हप्ता आम्ही भरलाय. बाजाराच्या दिवशी. नोटा मीच मोजल्या होत्या." मी त्याला दटावले. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये असे बजावले. बापानेही त्याचा हात ओढला.

पुढच्या आठवड्यात दोघे पुन्हा आले. मुलाने पाठ्यपुस्तकाच्या घडीतून पैसे भरल्याची पावती काढून टेबलावर ठेवली. शाखेचा शिक्का, रोखपालाची सही, तारीख, सर्व बरोबर. मी शोध घेतला. त्याच गावात त्याच नावाचा दुसरा कर्जदार होता आणि हप्त्याची रक्कम त्याच्या खात्यावर जमा झाली होती. खतावणी माझ्या हाताखालच्या लिपिकाने केली होती आणि तपासणीची सही माझी होती.

वाचकांपैकी ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना यातील मर्म लगेच कळेल. अशी चूक तेरजेत कधीही दिसत नाही. एकाच्या खात्यावरची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर चढली तर नावेची बाजू आणि जमेची बाजू बिनचूक जुळते. महिनाअखेरीस आम्ही खात्यांच्या शिलकांची बेरीज केली होती, ती जुळली होती, आणि सर्व ठीक असल्याचा दाखला मी वरिष्ठ कार्यालयाला पाठवला होता. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. ही चूक पकडू शकतो तो एकच माणूस. ज्याचे खाते आहे तो.

त्या दिवशीची आमची ग्रामसभा अशीच होती. गणसंख्या जुळली, विषय झाले, ठराव झाले, सह्या झाल्या. तेरीज जुळली. सकाळी साडेदहा वाजता त्या गल्लीतून जाण्याचे खाते मात्र ज्यांचे आहे, त्यांतील एकालाही तेथे तोंड उघडण्याची मुभा नव्हती. आम्ही प्रौढ माणसे त्या वेळी दुकानात गल्ल्यावर बसलेली असतो, शेतात असतो किंवा घरात वर्तमानपत्र वाचत असतो. गल्ली आम्हाला ठाऊक असते, पण साडेदहाची गल्ली ठाऊक नसते.

यानंतर मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला आणि माझ्याच आक्षेपांची एकेक करून तपासणी केली.

पहिला आक्षेप कायद्याचा. मूल ग्रामसभेचे सभासद नाही, म्हणून त्याला मत नाही, हे निर्विवाद आहे आणि तसेच असावे. पण मत देणे वेगळे आणि माहिती देणे वेगळे. आमच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राचे डॉक्टर बोलतात, कृषी सहायक बोलतात, परगावाहून येणारे शिक्षक बोलतात. यांपैकी अनेकांची नावे आमच्या मतदारयादीत नाहीत. त्यांना ज्या विषयाची माहिती आहे तो विषय त्यांनी मांडावा, एवढ्याचसाठी अध्यक्ष त्यांना बोलावतात. हाच न्याय मुलांना लावण्यास अडचण कोणती?

शिवाय वयाची रेषाही आपणच आखलेली असते. १९८९ पर्यंत आपल्या देशात मतदानाचे वय २१ होते. ६१व्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. मी वीस वर्षांचा असताना आमच्या दुकानाचा विक्रीकराचा हिशेब लिहीत होतो, आणि तरी मला मत नव्हते. मत नव्हते म्हणून त्या हिशेबातील माझे म्हणणे वडिलांनी कधी डावलले नाही.

दुसरा आक्षेप समजुतीचा. मुलांना निधी, निविदा, अंदाजपत्रक यांतले काय कळते? काही कळत नाही, हे मान्य. त्यांना त्यावर बोलण्यास सांगूही नये. पण पाण्याच्या टाकीजवळचा चढ, बंद पडलेले मुलींचे स्वच्छतागृह, मोकाट कुत्री, खेळाच्या मैदानावर टाकलेला राडारोडा, संध्याकाळच्या बसची वेळ, या विषयांत त्यांच्याइतका जाणकार गावात दुसरा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांची संहिता संमत केली आणि भारताने ती १९९२ च्या डिसेंबरमध्ये स्वीकारली. तिच्या १२व्या अनुच्छेदाचा आशय हाच आहे, की आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, आणि त्या मताला त्याचे वय व समज पाहून वजन द्यावे. मूल म्हणेल तेच करावे असे त्यात नाही. वजन करून पाहावे असे आहे. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. माल घ्यायचा की नाही हे नंतर ठरते, वजन आधी होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मुलांच्या तोंडी मोठ्यांची भाषणे घातली जातात. शाळेच्या संमेलनात पाठ केलेली भाषणे आपण ऐकतो. हातवारेसुद्धा शिकवलेले असतात. ग्रामसभेत तर गटतट असतात. एका गटाने आपल्या मुलाला उभे करायचे आणि दुसऱ्या गटावर त्याच्याकरवी आरोप करायचे, हे घडायला वेळ लागणार नाही. मुलाला उलट उत्तर देणे अवघड, म्हणून त्याची ढाल करणे सोपे.

चौथा आक्षेप आपण उघडपणे बोलत नाही, पण आपल्या मनात पहिला तोच येतो. गाव लहान असते. दुकानदाराला सर्वांशी सलोखा राखावा लागतो. मुलाने काही बोलले आणि ते कोणाला लागले, तर उद्या गिऱ्हाईक तुटते, उधारी अडकते. "घरातले घरात" ही आपली रीत अशाच अनुभवातून आली आहे. तिला नुसते भित्रेपण म्हणणे अन्यायाचे होईल.

या शेवटच्या दोन आक्षेपांवर मार्ग मला आपल्याच राज्याच्या एका तरतुदीत सापडला. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. शंभर पुरुषांसमोर उठून बोलणे कठीण जाते, म्हणून बायकांनी आधी आपापसांत बोलावे आणि त्यांचे म्हणणे ग्रामसभेपुढे यावे, असा त्यामागचा विचार. मुलांसाठीही अशी बालसभा घेता येते आणि काही गावांत ती होतेही. माझी शेवटची नेमणूक कोल्हापूर जिल्ह्यात, सीमाभागाजवळ होती. तेथे पलीकडून येणारे सहकारी कर्नाटकातील 'मक्कळ ग्रामसभे'विषयी सांगत. कन्नडमध्ये मक्कळु म्हणजे मुले. तेथे ग्रामपंचायतीमार्फत मुलांची सभा भरते आणि पंचायतीचे लोक समोर बसून त्यांच्या तक्रारी ऐकतात.

शाळेत आधी बालसभा झाली तर प्रश्न एका मुलाचा राहत नाही, सर्वांचा होतो. मग मांडणारी मुलगी कोणाची, हे महत्त्वाचे उरत नाही. बोलताना व्यक्तीचे किंवा दुकानाचे नाव न घेता जागा, वेळ आणि अडचण एवढेच सांगायचे, असा दंडक घालता येतो. पाठ केलेले भाषणही अशा दंडकापुढे टिकत नाही, कारण "तू हे कधी पाहिलेस?" असा साधा प्रश्न विचारला की ज्याने पाहिले तो उत्तर देतो आणि ज्याने पाठ केले तो अडखळतो.

दिवाळीच्या आधी, दुकानात नव्या वर्षाची वही आणण्याचा विषय निघाला तेव्हा, मी हे सारे भाईसाहेबांपुढे मांडले. आता हिशेब संगणकावर असतात, तरी शकुनाची एक लाल वही आमच्याकडे अजून येते. भाईसाहेब माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. दुकान त्यांनीच वाढवले; मी नोकरीच्या गावी होतो तेव्हा माझ्या मुलालाही त्यांनीच धंद्यात तयार केले. ते रागावले. "तू पेन्शन घेतोस. ट्रक थांबवला तर हॉल्टिंग मला भरावे लागते," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ट्रकवाला आपल्या वेळेने येतो, हमालांना पुढच्या दुकानाची घाई असते, आणि एका दुकानाने वेळ बदलून चालत नाही. सर्व पेठेने बदलावी लागते.

मी त्यांना काही पटवून देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते नेहमीप्रमाणे गल्ल्यावर बसले होते. ट्रक आला. त्यांनी माझ्या नातीला हाक मारली आणि विचारले, "कुठून जाता तुम्ही?" तिने दाखवले. ते ट्रकच्या आणि गटाराच्या मधल्या जागेत जाऊन उभे राहिले. अंग आक्रसून घेतल्याशिवाय त्यांना पुढे सरकता येईना. ते परत येऊन गादीवर बसले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच पेठेतील चार व्यापाऱ्यांना चहाला बोलावले.

पुढे जे घडले ते सर्वस्वी गोड नाही. सकाळी दहा ते सव्वाअकरा आणि संध्याकाळी शाळा सुटताना माल उतरवायचा नाही, असे बहुतेकांनी मान्य केले. दोघांनी केले नाही. हमाल सात वाजता येण्यास तयार झाले, पण त्यांचा सकाळचा चहा-नाश्ता दुकानांकडे आला. दोन वेळा आम्हाला हॉल्टिंग भरावे लागले. भाईसाहेबांनी ती रक्कम खर्चात टाकताना माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात डोके घातले.

गटारावर झाकण घालणे मात्र व्यापाऱ्यांच्या हातात नव्हते, ते काम ग्रामपंचायतीचे. जानेवारीत मुख्याध्यापकांनी शाळेत बालसभा घेतली. मुलांनी सतरा अडचणी सांगितल्या, त्यांतील पाच निवडल्या आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडण्यासाठी एक मुलगा व एक मुलगी ठरवली. मुलगी माझी नातच असावी असा माझा आग्रह नव्हता, प्रयत्नही नव्हता. मुलांनी तिला निवडले. सरपंचांनी दोघांना पाच-पाच मिनिटे दिली.

ती काय बोलली हे मी येथे लिहीत नाही. आजोबांनी लिहिलेले ते कौतुकच होईल. मला सांगायचे आहे ते पुढचे. तिचे बोलून झाल्यावर टाळ्या वाजल्या, कोणी "शाब्बास" म्हणाले, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळू लागली. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि विनंती केली, की मुलांचे पाचही मुद्दे इतिवृत्तात क्रमांक घालून लिहावेत आणि प्रत्येकाचे उत्तर पुढील सभेत वाचावे. बँकेत तक्रारवही असते. तोंडी तक्रार करणाऱ्याला साहेब गोड बोलून परत पाठवू शकतो. वहीत लिहिलेल्या तक्रारीसमोर मात्र निवारण काय केले, हे त्याला लिहावेच लागते. टाळ्यांनी मूल खूश होते आणि मोठे सुटतात. मुलांना बोलावून, ऐकून, हार घालून घरी पाठवणे याहून त्यांना न बोलावणे बरे. कारण पहिल्याने त्यांना एवढेच कळते, की सभेत बोलणे हा एक कार्यक्रम असतो.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखांविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. आज तिचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचते ते एका शाळकरी मुलीने ते लिहिले म्हणून, आणि तितकेच ते कोणीतरी छापून ठेवले म्हणून. लहानांनी बोलावे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. मोठ्यांनी ते नोंदवावे आणि त्याला उत्तर द्यावे, हा उरलेला अर्धा. मुलांनी ग्रामसभेत बोलावे का, असे मला आज कोणी विचारले तर मी म्हणेन, नोंद आणि उत्तर यांची तयारी असेल तर अवश्य बोलावे. ती तयारी नसेल तर आधी आपण मोठ्यांनी शिकावे.

१ मेच्या ग्रामसभेत पाच मुद्द्यांची उत्तरे वाचली गेली. दोन कामे झाली होती, एक होणार नाही असे कारणासह सांगितले गेले, आणि गटाराच्या झाकणाचे अंदाजपत्रक तयार होऊन मंजुरीसाठी गेले होते. पाचव्या मुद्द्याचे उत्तर मिळाले नाही. ते पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

सभा संपल्यावर नातीने ग्रामसेवकांना जानेवारीचे इतिवृत्त पाहण्यास मागितले. तिने आपला मुद्दा बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, "सर, मी साडेदहा म्हटले होते. इथे दहा लिहिले आहे." ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. ते पान सभेत कायम झालेले होते, म्हणून त्यांनी मूळ ओळीला हात लावला नाही. समासात "साडेदहा असे वाचावे" अशी टीप लिहिली, खाली तारीख घालून छोटी सही केली, आणि वही तिच्यापुढे पुन्हा धरली.